सशाचे शिंग आणि सशाचा पाय



सज्जनहो, लहानपणी पाठशाळेत न्यायाचे पाठ घोकताना आम्हांस एक शब्द पुन्हा पुन्हा भेटत असे. तो शब्द शशविषाण, म्हणजे सशाचे शिंग. जी वस्तू मुळी नाहीच तिचा दाखला द्यावयाचा झाला की शास्त्री मंडळी वांझेचा पुत्र, आकाशीचे फूल आणि सशाचे शिंग यांची नावे घेतात. आम्हीही ती हजारदा घेतली असतील. पुढे व्याकरणात शिरलो तेव्हा कळले की शश् या धातूचा अर्थ उड्या मारीत जाणे. जो उड्या मारीत जातो तो शश, आणि तोच आपला ससा. चंद्रावरच्या डागात पूर्वजांना ससा दिसला म्हणून चंद्राला शशांक म्हणावयाचे, हेही कळले. एवढी विद्या आमच्यापाशी होती, पण खरा ससा हातात घेण्याचा योग साठी उलटेपर्यंत आला नव्हता. सशाच्या नसलेल्या शिंगावर आम्ही घटकाभर बोललो असतो. त्याच्या असलेल्या पायाविषयी आम्हांस काडीचेही ज्ञान नव्हते. तो पाय आम्हांस बोईसरच्या एका घराने दाखविला. त्या घराची ही हकीकत. तीत आमची स्वतःची एक चूक आहे, आणि ती सांगितल्यावाचून हकीकत पुरी होत नाही.

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेला आमचा हा पालघर जिल्हा. त्यात बोईसर म्हणजे पोटामागे आलेल्या माणसांचे गाव. 1969 पासून तारापूरला अणुवीज होते, आणि बोईसरच्या भोवती कारखान्यांची मोठी वसाहत पसरली आहे. खानदेशातून, घाटावरून, उत्तरेकडून माणसे आली आणि कारखान्याच्या पाळीवर जगू लागली. शेत मागे राहिले, गोठा मागे राहिला, पण जनावरावर माया करावयाची सवय काही मागे राहत नाही. दोन खोल्यांत गाय मावत नाही. मग कोणी मांजर पाळतो, कोणी ससा.

असेच एक घर आमच्या परिचयाचे. मूळ मंडळी जळगावकडची. मुलगा कारखान्यात पाळीला जातो, सून शिवणकाम करते. आजी माळकरी. एकादशीला जेथे आमचे कीर्तन तेथे ती हजर, आणि पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेस जव्हार, मोखाडा या वाटेने पायी त्र्यंबकेश्वरी जाण्याचा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. घरात एकच नात. ती सहा वर्षांची असताना, 2017 साली, तिने हट्टाने एक पांढरा ससा आणविला. आजीने त्याचे नाव ठेविले कापशा.

पाच वर्षे सुखाची गेली. 2022 सालच्या मार्गशीर्षाच्या अखेरीस शेजारच्या लग्नाची वरात दारावरून निघाली. नात कापशाला उराशी धरून ओट्यावर उभी होती. एकाएकी सुतळी बाँब वाजला. ससा दचकला, धडपडला. पोरीला वाटले हा आता पडेल, म्हणून तिने त्याला आणखी घट्ट आवळले. जो जो ती आवळी तो तो तो मागच्या पायांनी झटके देई. शेवटी तो तिच्या हातून निसटून फरशीवर पडला आणि एक मागचा पाय लोंबू लागला. विशेष असे की ससा ओरडला नाही. कोपऱ्यात जाऊन गप्प बसला. ओरडली ती पोर.

त्या रात्री दहा जणांनी दहा उपाय सांगितले. कोणी म्हणाले हळद-गुळाचा लेप लावा, कोणी म्हणाले माणसाची दुखण्याची गोळी अर्धी करून द्या, आणि एकाने तर सांगितले की रानात सोडून द्या, देव बघून घेईल. मुलाने यांतले काही केले नाही हे त्याचे शहाणपण. सकाळी तो गुरांच्या दवाखान्यात गेला. तेथील डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की आमचा हात गाईबैलांवर, शेळ्यांवर बसलेला. सशाचे हाड नाजूक, तुम्ही मुंबईस परळला न्या. परळला 1886 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सर दिनशॉ माणेकजी पेटिट या पारशी गृहस्थांनी आपल्या पत्नीच्या, बाई साकरबाईंच्या, नावाने उभे केलेले जनावरांचे रुग्णालयही तेथेच आहे. मुलाने एक पाळी बुडविली, वेताच्या टोपलीत जुने लुगडे अंथरले, वर ओला रुमाल झाकला आणि पहाटेच्या गाडीने शंभर किलोमीटरचा प्रवास करून ससा परळला नेला.

तेथे एक्स-रे निघाला. मागच्या पायाच्या पोटरीचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी पायाला आधाराची पट्टी बांधली, दुखणे कमी होण्याचे औषध दिले, आणि सहा आठवडे लहान जागेत स्वस्थ ठेवावयास सांगितले. मग त्यांनी मुलाला जे समजावून दिले ते त्याने आम्हांस सांगितले, आणि आम्ही ते तुम्हांस सांगतो, कारण त्यातच आमच्या निरूपणाचे बीज आहे. सशाची मागची मांडी मोठी बलवान, पण हाडे हलकी. मांजराच्या अंगात हाडांचे वजन शेकडा 12-13 भरते, सशाच्या अंगात ते 7-8 च. बळ मोठे आणि हाड हलके, म्हणून धरलेला ससा धडपडला की आपल्याच ताकदीने आपलाच पाय किंवा कणा मोडून घेतो. दुसरे असे की ससा हा दुसऱ्याचे भक्ष्य होणारा जीव. त्याला जमिनीवरून कोण उचलतो? ससाणा उचलतो, कोल्हा उचलतो. म्हणून आपण ज्याला कवटाळणे म्हणतो ते त्याच्या देहाला मरण आल्यासारखे वाटते. तो गप्प राहिला म्हणजे त्याला बरे वाटते असे समजू नये. दुखणे लपविणे हाच त्याचा स्वभाव, कारण रानात जो लंगडा दिसला तो संपला. त्याला घ्यावयाचे तर एक हात छातीखाली आणि दुसरा हात ढुंगणाखाली देऊन, अंगाशी टेकवून, आणि होईल तितके जमिनीवर बसूनच घ्यावे. कान धरून तर कधीच उचलू नये.

आता आमची चूक.

पौष शुद्ध एकादशीला बोईसरला आमचे कीर्तन होते. त्र्यंबकची दिंडी निघावयास आठ-दहा दिवस उरले होते. कीर्तनापूर्वी आजी आली आणि म्हणाली, “महाराज, यंदा मन वारीत लागत नाही. पोर शाळेत, सून मशीनवर, मुलगा पाळीला. कापशाला दिवसातून चारदा बघावं लागतं. जाऊ का राहू?” आम्ही हसलो. म्हणालो, “आजी, कीर्तन ऐका, उत्तर मिळेल.” आणि त्या दिवशी आम्ही भरताचे आख्यान लाविले.

भागवताच्या पाचव्या स्कंधातील ही कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. भरत राजा राज्य टाकून गंडकीच्या तीरी तप करीत होता. एक गाभण हरिणी पाणी पीत असता सिंहाची गर्जना झाली. हरिणीने भयाने नदीवर झेप घेतली आणि तिच्या पोटातले पाडस प्रवाहात पडले. हरिणी मेली. भरताने पाडस उचलून आश्रमात आणिले. मग त्याला गवत घालणे, त्याला खाजविणे, त्याची वाट पाहणे यांत एक एक नेम सुटत गेला. अंतकाळी दृष्टीपुढे हरिण होते, म्हणून राजर्षी भरत हरिणाच्या जन्माला गेला. आम्ही हे रंगवून सांगितले आणि शेवटी आजीकडे पाहून बोललो, “ज्याच्यापुढे राज्य तुच्छ, तो एका पाडसात अडकला. तेव्हा ससेवाल्यांनी जपून राहावे!” मंडळी हसली. आजीही इतरांबरोबर हसली, पण तिची नात हसली नाही. ती उठून बाहेर गेली.

कीर्तन संपल्यावर आजी पाया पडली आणि हळूच म्हणाली, “महाराज, एक विचारू? भरतराजानं ते पाडस पाण्यातून काढलंच नसतं, तर देवानं त्याला बरं म्हटलं असतं का?”

सज्जनहो, चाळीस वर्षे आम्ही भागवत सांगतो. या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. “बघू,” एवढेच बोलून आम्ही पालघरची गाडी धरली. गाडीत टाळकरी मंडळी कीर्तन फार रंगले म्हणून वाखाणीत होती. आम्हांस मात्र उठून गेलेली ती पोर दिसत होती. एका दुखावलेल्या जिवाच्या घरावर आम्ही शास्त्र फेकून मारले होते.

रात्री पोथी काढली. पाचवा स्कंध पुन्हा वाचला. भरताची कथा हरिणाच्या जन्मावर संपत नाही, हे आम्हांस माहीत होते. पण दृष्टान्त चटकदार व्हावा म्हणून आम्ही तेथेच थांबत आलो होतो. पुढे काय होते? हरिणदेह सोडून भरत ब्राह्मणाच्या कुळी जन्मतो. पुन्हा कशात गुंतू नये म्हणून जड, मुका, बहिरा असा राहतो. लोक त्याला वेडा म्हणतात. एके दिवशी रहूगण राजाच्या पालखीला भोई कमी पडतो आणि सेवक या धडधाकट वेड्याला धरून दांडी खांद्यावर देतात. पालखी चालू लागते आणि हिसके बसू लागतात. राजा चिडतो, टोचून बोलतो. हिसके का बसतात? तर जडभरत पुढची बाणभर जमीन न्याहाळून पाऊल टाकीत असतो. पायाखाली जीव येऊ नये म्हणून तो थबकतो, लांब पाऊल टाकतो, आणि त्याची चाल इतर भोयांशी जुळत नाही.

वाचक माउली, येथे आम्ही पोथी मिटून डोळे पुसले. हा तोच भरत आहे. एका पाडसापायी ज्याचा एक जन्म वाया गेला, त्याने त्यापासून काय धडा घेतला? जिवांकडे पाहू नये, असा धडा त्याने घेतला नाही. राजाची शिवी सोसून तो मुंगीला वाट देतो. तीन जन्मांत त्याची आसक्ती जळून गेली, आणि दया मात्र होती तशी शिल्लक राहिली. आम्ही चाळीस वर्षे अर्धेच आख्यान सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो. कापशा खोक्यात गोधडीवर बसला होता. नात खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. सून म्हणाली, “तेव्हापासून ती त्याला हातच लावत नाही, महाराज. म्हणते, माझ्यामुळं मोडला.” आम्ही तिच्यापाशी बसलो आणि प्रथम तिची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. मग आम्ही तिला पालखीच्या भोयाची उरलेली गोष्ट सांगितली. ती संपल्यावर ती म्हणाली, “पण मी त्याला सोडायला नको म्हणूनच घट्ट धरलं होतं.”

बाई गं, भरताचेही तेच झाले! मोह याचा अर्थ प्रेम नसणे असा नाही. प्रेम असते, पण त्याची नजर स्वतःकडे लागलेली असते. ‘हे माझ्यापासून जाईल’ या भयाने हात आवळतात, आणि आवळलेल्या हातात हाड मोडते. मग त्या अपराधाच्या भयाने माणूस हात अजिबात काढून घेतो. आवळणे काय आणि दूर पळणे काय, दोहोंतही आपण आपल्यालाच पाहत असतो. सशाला या दोहोंचा काहीच उपयोग नाही. त्याला छातीखाली एक हात हवा आणि मागे खाली एक हात हवा. वरून दाब नको, खालून आधार हवा. आम्ही तिला म्हटले, “बाळ, परळच्या डॉक्टरांनी जे सांगितले तीच भरताच्या तिसऱ्या जन्माची शिकवण आहे. चल, आम्हांसही शिकव.” तिने आम्हांस जमिनीवर बसविले, आमचे हात कसे ठेवावयाचे ते दाखविले, आणि साठ वर्षे शशविषाण घोकलेल्या आमच्या हातांत पहिल्यांदा ससा आला. त्याचे काळीज इतके भरभर उडत होते की आम्हांस ते मोजता येईना.

आजीच्या वारीचे काय झाले? ती वारीला गेली. वारी हा नेम आहे, आणि नेम मोडावयास मन नेहमीच सबब शोधत असते, हे ती आमच्यापेक्षा बरे जाणते. पण पुंडलिकाने हातची सेवा न टाकता देवाला विटेवर थांबविले, हेही आपल्याच संप्रदायाचे मूळ आहे. म्हणून तिने सेवा टाकली नाही, वाटून दिली. सकाळचे औषध सुनेकडे, दुपारचे पाणी नि गवत शेजारणीकडे, संध्याकाळी खोका स्वच्छ करणे नातीकडे, रात्रीची पाहणी मुलाकडे. मग ती निर्धास्त निघाली. परत आली ती प्रसादाबरोबर मोखाड्याच्या एका शेतकऱ्याकडून वाळक्या गवताचा भारा घेऊन! बोईसरच्या नाल्याकाठचे गवत कारखान्यांच्या पाण्यावरचे, ते जनावराच्या तोंडी घालू नये, एवढे तिला समजत होते.

पाय जुळला, पण वाकडा जुळला. ज्याच्या नावाचाच अर्थ उडी, त्याची उडी गेली. तरी महिन्याभरात कापशा तीन पायांवर सरकत फिरू लागला. गेले त्याचा शोक त्याने केलेला आम्हांस दिसला नाही. उरलेल्यावर तो कामाला लागला होता.

पुढे मात्र वार्धक्य आले. सगळा भार एका मागच्या पायावर येई, म्हणून 2023 च्या पावसाळ्यात त्या पायाच्या तळव्याचे केस झडून जखम झाली. खाली जाळी किंवा नुसती फरशी असली की असे होतेच. मऊ अंथरूण जाड घालावे लागले आणि ते रोज कोरडे ठेवावे लागले. ससा गुदापाशी तोंड नेऊन आपली मऊ लेंडी पहाटे खातो. त्यात त्याचे पोषण असते, ती घाण नव्हे. कापशाला वाकता येईना, म्हणून ती अंगालाच चिकटे. लघवीने मागचा भाग ओला राही. पावसाळ्यात अशा ओल्या जागी माशी अंडी घालते आणि एका दिवसात किडे पडतात. म्हणून रोज दोनदा कोमट पाण्याने पुसून कोरडे करावयाचे काम नातीने अंगावर घेतले. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. गवत कमी झाले की दात वाढतात, दात वाढले की तोंड दुखते, तोंड दुखले की गवत आणखी कमी. त्याला ओकारी होत नाही. तो अर्धा दिवस काही खाईना, लेंड्या टाकीना, तर आतडे थांबू लागले असे समजून लगेच डॉक्टर गाठावा. उद्या पाहू म्हटले तर उद्या ससा नसतो. उन्हाळ्यात 30 अंशांच्या वर पारा गेला की त्याला घाम येत नाही, उष्मा बाधतो. आमच्या किनाऱ्यावरच्या दमट वैशाखात त्याच्या खोक्याशेजारी थंड पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवीत. हे सारे आम्ही मुद्दाम लिहितो. दया हा शब्द कीर्तनात सोपा आहे. घरात तो कोमट पाण्याच्या वाटीने आणि कोरड्या फडक्याने करावा लागतो.

2024 च्या आषाढी एकादशीनंतर कापशाने अन्न टाकले. सात वर्षांचा झाला होता. सशाचे आयुष्य आठ, दहा, फार तर बारा वर्षांचे. दात घाशीत बसे. ते दुखण्याचे लक्षण. औषधाने दोन दिवस उतार पडला, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, “आणखी एक दिवस पाहू. औषधाने वेदना आवरल्या नाहीत, तर इंजेक्शन देऊन शांत करण्याचा विचार तुम्हांला करावा लागेल.” मुलाने आम्हांस फोन केला. “महाराज, हे पाप आहे का?”

ससा त्याच रात्री गेला. पहाटे नात उठली तेव्हा तो गोधडीवर आडवा होता, अंग अजून कोमट होते. देवाने आमची परीक्षा टाळली. पण प्रत्येकाची टळेल असे नाही, म्हणून आम्ही जे सांगणार होतो ते येथे लिहून ठेवतो. आम्ही अहिंसेत वाढलेली माणसे. जीव घेण्याची गोष्ट आमच्या जिभेवर येत नाही, आणि तसे करा असे आम्ही कोणास सांगणार नाही. पण ज्या घराने शेवटपर्यंत सेवा केली, औषधाचे सर्व उपाय केले, जाणत्या डॉक्टरने आता केवळ यातना उरल्या असे सांगितले, त्या घराने तो निर्णय घेतला तर त्याला पापी म्हणावयास आमची जीभ त्याहूनही धजत नाही. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या कायद्यातही, जिवंत ठेवणे हेच क्रूर ठरेल अशा जनावरापुरती ती वाट ठेविली आहे. मात्र निर्णयापूर्वी एकांतात, देवापुढे, स्वतःला एक विचारावे. मला कोणाचे दुखणे संपवावयाचे आहे? त्याचे, की त्याला पाहून होणारे माझे? आणि जो ‘काही झाले तरी जगवा’ म्हणतो त्यानेही हेच विचारावे. मी हे त्याच्यासाठी म्हणतो, की मला निरोप देववत नाही म्हणून? या प्रश्नाचे खरे उत्तर आले की पुढची वाट दिसते. ती वाट दोन घरांत दोन असू शकते.

नवापूरच्या बाजूला एका परिचिताची वाडी आहे. तेथे केळीच्या आळ्यापलीकडे कुत्री उकरणार नाहीत इतका खोल खड्डा घेतला. पाऊस लागला होता. आजीने तुळशीचे पान ठेविले. नात म्हणाली, “महाराज, सशाला समाधी असते का?”

आम्ही तिला सांगितले, “पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात आळे नावाचे गाव आहे. पैठणला ज्ञानोबा माउलींनी ज्या रेड्याच्या मुखी वेद वदविले, तो रेडा पुढे त्या भावंडांबरोबर चालत आला. आळ्याला त्याचा देह पडला, आणि माउलींनी तेथे त्याला समाधी दिली, अशी आपली श्रद्धा आहे. आजही वारकरी त्या रेड्यापुढे माथा टेकतात.”

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “तो वेद म्हणाला म्हणून. कापशा तर काहीच बोलला नाही.”

पुन्हा आम्ही निरुत्तर होणार होतो. पण या खेपेस आम्ही अर्धी कथा सांगितली नाही. “बाळ, वेद नंतर आले. माउली म्हणाले, जो आत्मा माझ्यात तोच या रेड्यात. लोकांनी ते खरे-खोटे करावयास रेड्यावर आसूड ओढले, आणि त्याचे वळ माउलींच्या पाठीवर उठले. मग माउलींनी त्याच्या मस्तकी हात ठेविला आणि तो बोलला. आधी वळ, मग वेद. त्याचे दुखणे ज्याला दुखले त्याच्यासमोरच तो बोलला. कापशाचा पाय मोडला तेव्हा ओरडला कोण?”

“मी,” ती म्हणाली.

“मग तो बोलला की. तुझ्या तोंडून बोलला.”

ती तेव्हा रडली. दीड वर्षात प्रथमच रडली, असे सून म्हणाली. आम्हीही तेथे वाडीत पावसात उभे राहून रामकृष्णहरीचा गजर केला. चार माणसे, एक टाळ.

वाचकहो, वारीच्या वाटेवर रथाचे बैल असतात, माउलींचा अश्व असतो. त्यांच्या पायाची धूळ आपण मस्तकी लावतो. तशीच बैलाच्या खांद्याकडे, त्याच्या खुराकडेही एक नजर टाकीत जा. घरात मुलांना ससा हवा असेल तर तो खेळणे म्हणून आणू नका; आठ-दहा वर्षांचा पाहुणा येतो आहे असे समजून, म्हातारपणासकट पत्करता येत असेल तरच आणा. रानातला ससा तर घरी आणूच नका. तो निराळ्या जातीचा आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडण्यास, पाळण्यास मनाई आहे. पाळलेले जनावर लंगडे झाले म्हणून रानात सोडू नका. ते सोडणे म्हणजे मारणेच. वरातीत, पालखीपुढे बाँब वाजविणाऱ्या पोरांना हात जोडून थांबवा. आणि आमच्यासारखा कोणी बुवा भरताची गोष्ट हरिणाच्या जन्माशी संपवू लागला, तर खुशाल उठून विचारा, “महाराज, पुढे काय झाले?”

आजीने आम्हांस विचारले म्हणून आम्ही सुधारलो. यंदा आमच्या कीर्तनात भरत पालखी वाहतो आहे. तो मुंगी पाहून थबकतो, पालखीला हिसका बसतो, राजा रागावतो, आणि आमचे श्रोते तेथे हसत नाहीत. नात आता मोठी झाली आहे. ती शेवटच्या ओळीत आजीजवळ बसते, आणि कीर्तन संपेपर्यंत उठत नाही.

रामकृष्णहरि.